सड्याखालचं पाणी

कुणाच्याही घरी गेलं आणि पाण्याचा तांब्या पुढे आला की कुमुदबाई आधी विचारायच्या, "हें खंयचे बांयचें?" म्हणजे हे कुठल्या विहिरीचं. लग्नघरी विचारायच्या, बारशाला विचारायच्या, एकदा मयताच्या घरीही विचारलं. उत्तर मिळालं की पाणी मात्र त्या पूर्ण प्यायच्या. तरी त्या एका प्रश्नाने घरातल्या बायकांची तोंडं उतरायची. मी त्यांना एकदा म्हटलं, "बाई, असं विचारू नये. लोकांना वाईट वाटतं." त्यांनी खरोखरच न कळल्यासारखं माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "अगो, कोणाच्या घरी गेल्यावर त्यांच्या मुलांची चौकशी करतंच ना माणूस?"

डिचोली तालुक्यात पाणी तपासणारी आमची लहानशी कचेरी होती. त्या तिथे रसायनतज्ज्ञ आणि मी टायपिस्ट. त्या मूळच्या पेडण्याच्या. उंच, हाडकुळ्या, पन्नाशीला आलेल्या. साडी नेसायच्या ती पोटऱ्यांपर्यंत वर, आणि पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट. डबा कधी आणत नसत. पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, दोन उंडे आणि कागदात बांधलेला गुळाचा खडा, हे दुपारचं जेवण, तेही उभ्याउभ्या जनेलाशी, म्हणजे खिडकीशी. त्यांच्या घरी कोण कोण आहे, लग्न का केलं नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलं नाही असं नव्हे. विचारलं की त्या उत्तर द्यायच्या, आणि चार वाक्यांत ते उत्तर पेडण्यातल्या कुठल्या तरी झरीवर येऊन थांबायचं.

त्यांची एक वही होती. कचेरीतलं सगळं इंग्रजीत चाले, पण ही वही मराठीत. त्यात बाटलीचा नंबर, विहीर, वार, आलेले आकडे आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्या रकान्यात ठिकठिकाणी 'क. ना.' लिहिलेलं असायचं. नोकरीला लागले त्या आठवड्यात मी ते कुठल्या तरी क्षाराचं नाव समजून तक्त्यात टाईप केलं. आमच्या कचेरीच्या सायबांनी तो तक्ता हातात घेऊन विचारलं, "हें कितें?" तेव्हा कुमुदबाई शांतपणे म्हणाल्या, "कळलें ना." सायब म्हणाले, "म्हाकाय कळूंक ना, म्हणूनच विचारतां." "तेंच तें," बाई म्हणाल्या. "कळलें ना. म्हणून क. ना."

हे सगळं सांगायचं ते सड्यावरच्या त्या कामासाठी. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथे राहतात. गोवा घटकराज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडा सपाट माळ, आहे. एका शहराचा कचरा कित्येक वर्षं तिथे नेऊन ओतला जात होता. पुढे ते बंद झालं, वर तांबडी माती लोटली गेली, काजूची रोपं लावली गेली आणि कागदोपत्री विषय संपला. पण उतारावरच्या वाड्याची विहीर होती, तिला सगळे सकयली बांय म्हणत, म्हणजे खालची विहीर. तिच्या पाण्यावर तवंग येऊ लागला. भात शिजवला की पिवळा पडायचा. गावाने अर्ज केला आणि तो फिरत फिरत कुमुदबाईंच्या मेजावर आला.

नोंदी जागेवरच टाईप करून घ्यायच्या म्हणून त्या मला बरोबर नेऊ लागल्या. जीप चालवायला परबमामा, सावंतवाडीकडचे. पहिल्या दिवशी चार मजूर लावून त्या जुन्या कचऱ्यात खड्डा खणला. वर हातभर तांबडी माती, आणि तिच्याखाली एकदम काळं. प्लास्टिकच्या पिशव्या, चपलांचे तळवे, औषधांच्या बाटल्या, बॅटरीच्या सेलांचे फुटलेले गाभे, फेणीच्या बाटल्यांची काच, आणि या सगळ्याच्या मधून पाझरणारा चहाच्या रंगाचा द्रव. मजुरांनी नाकाला टॉवेल बांधले. परबमामा लांब जाऊन उभे राहिले. "बाईनू, ह्यो वास माका आठ दिस जावचो नाय!" ते तिथून ओरडले. बाई मात्र खड्ड्यात उतरल्या. प्रत्येक हातभर खोलीवरची चिमूटभर माती घेऊन बोटांत चोळायच्या, हुंगायच्या, पिशवीत घालून मला वर द्यायच्या. मी पिशवीवर खोली लिहायची. त्या खालून विचारत होत्या, "सुनिते, तुला दिसतंय का, इथं तळ नाहीच? पाणी अडवायला मातीचा तळ हवा होता. थेट जांभाच लागला."

मला त्यातलं काही दिसत नव्हतं. तळ नसणं म्हणजे काय हे मला पुष्कळ पुढे कळलं.

तपासणीत सकयली बांय वाईट निघाली. नायट्रेट खूप, ते तान्ह्या बाळांना बाधतं, आणि मँगेनीजही खूप. त्या गावात दुसरी एक विहीर होती, सड्याच्या पलीकडच्या अंगाला, देवचाराची बांय. देवचार म्हणजे गाव राखणारा देव, त्याचा दगड तिथे आहे म्हणून ते नाव. तिचं पाणी स्वच्छ निघालं, एकदा, दोनदा, तीनदा. बाईंनी वाड्याला सांगितलं, आजपासून खालचं पाणी प्यायचं नाही, देवचाराच्या बांयचं आणायचं. चढ चढून, सडा ओलांडून पलीकडे उतरायचं आणि भरल्या कळशीने परत यायचं. बायकांनी कुरकुर केली, पण सत्यभामाकाकी उठल्या. वाड्यातलं मोठं घर त्यांचं, शब्दाला मान. त्यांच्या सुनेला दिवस गेले होते. "बाय सांगता जाल्यार हाडूंया," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः दोन कळशा घेऊन सडा चढू लागल्या.

तरी काही घरं खालचंच पाणी नेत होती, म्हणून विहिरीवर पाटी लावायचं ठरलं. बाईंनी मराठीत लिहिलं, 'या विहिरीचे पाणी पिऊ नये.' पाटी लागली त्याच संध्याकाळी वाद पेटला. मराठी की कोंकणी या राजभाषेच्या भांडणाची राख तेव्हा अजून गरम होती. तरण्या मुलांचं म्हणणं, आता पाटी कोंकणीत हवी. जाणत्यांचं म्हणणं, शाळा मराठी, देवळातलं भजन मराठी, मग पाटी का बदलायची? देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. दोन्हीकडची माणसं चांगली शिकलेली, दोन्हीकडचे मुद्दे बिनतोड. तासभर चाललं. मध्ये चहा आला, सगळ्यांनी घेतला. बाईंनी कप हातात घेतला आणि विचारलं, "ही च्या खंयचे बांयची?"

चहा करणारा मनुष्य दारात उभा होता. त्याने किटली पाठीमागे घेतली. सकयली बांय देवळापासून वीस पावलांवर होती.

सगळ्यांचे कप रिकामे झाले होते. पुढे पाटी दोन्ही भाषांत लागली. शिवाय बाईंनी विहिरीच्या काठावर तांबड्या रंगाचं मोठं वर्तुळ काढलं, न वाचणाऱ्यांसाठी. आठवड्याने जाऊन बघतो तर त्या वर्तुळावर कुणी तरी जास्वंदीची फुलं वाहिली होती. परबमामा हसून हसून खाली बसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फुलं उचलून बाजूला नीट ठेवली, विहिरीचा रहाट काढायला लावला आणि तो जीपमध्ये घालून आणला. कितीतरी दिवस तो आमच्या कचेरीत कपाटामागे पडून होता.

इथवर सगळं सरळ होतं. पाऊस झाला, गणपतीची चवथ झाली, नवरात्र झालं. सत्यभामाकाकींना नात झाली. सुनेला दूध पुरेना म्हणून बाळाला पावडरीचं दूध सुरू केलं होतं. आणि एक दिवस निरोप आला की बाळाला म्हापशाच्या इस्पितळात नेलंय, रंग बरा दिसत नाही, ओठ काळसर पडलेत. बाईंनी निरोप ऐकला. मग हळूच म्हणाल्या, "दूध कुठल्या पाण्यात कालवत होती?" ते सगळ्यांना ठाऊक होतं, देवचाराच्या बांयच्या.

त्याच दिवशी आम्ही गेलो. दोन्ही विहिरींचं पाणी घेतलं. आकडे आले ते बघून मला वाटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली. देवचाराच्या बांयच्या पाण्यात नायट्रेट चढलं होतं आणि जी आम्ही बंद केली होती ती सकयली बांय आधीपेक्षा चांगली झाली होती. पुरती चांगली नव्हे, पण चांगली. बाईंनी परत पाणी आणवलं. परत तेच. सायब म्हणाले, "बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या चुकल्या असतील. कचरा या बाजूला, उतार या बाजूला. पाणी डोंगर चढून पलीकडे जाईल?"

बाई बाहेर गेल्या आणि कुंपणाजवळचा जांभ्याचा एक चिरा उचलून आणला. तो बाल्दीवर आडवा धरला आणि सायबांना म्हणाल्या, "मी या कोपऱ्यात पाणी ओततें. खंयच्यान येतलें तें सांगा." सायबांनी सरळ खालचा कोपरा दाखवला. बाईंनी पेला ओतला. पाणी दगडात शिरलं आणि दिसेनासं झालं. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. बऱ्याच वेळाने ते भलत्याच अंगाने, मधूनच, बाहेर आलं आणि बाल्दीत न पडता सायबांच्या फायलीवर पडलं. "सगळा सडा असाच आहे," बाई म्हणाल्या. "आत वाटा आहेत. त्या कुठे जातात ते वरून दिसत नाही." पण त्यांच्या आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता. उलट घाबरल्यासारखा होता.

खात्री होईपर्यंत तान्ह्या मुलांना ते पाणी देऊ नका, असा निरोप धाडून त्यांनी रंग मागवला. लालसर पूड असते, पाण्यात गेली की पोपटी हिरवी होते, अपाय करत नाही. दोन्ही वाड्यांना आगाऊ सांगितलं, लोकांसमोर एक घोट स्वतः पिऊन दाखवला आणि सड्यावरच्या खड्ड्यात तो रंग पाण्याबरोबर सोडला. त्यानंतर त्या रोज सकाळी दोन्ही विहिरींवर जायच्या. पांढऱ्या बशीत पाणी घ्यायचं, उन्हात धरायचं. पहिले काही दिवस कुठेच काही नाही. एका सकाळी आम्ही देवचाराच्या बांयकडे उतरत होतो आणि सत्यभामाकाकी खालून वर येत होत्या. नात अजून इस्पितळातच होती. त्यांच्या हातात जर्मनची पांढरी थाळी होती, तीत पाणी. थाळी हलू नये म्हणून अगदी सावकाश चालत होत्या. बाईंपुढे थाळी धरून त्यांनी विचारलं, "हेंच न्हय?"

पाण्यात कोवळ्या पोपटाच्या पिसासारखी छटा होती. अगदी फिकी, पण होती.

परबमामा माझ्या कानाशी लागले, "लोक म्हणतत, देवचार रागावलो." बाईंनी ते ऐकलं. मला वाटलं, आता काही तरी शास्त्रीय सांगतील. त्या म्हणाल्या, "रागावूंक कारण आसा."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते सरकारी माणसाने केलेलं मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्या घरोघर गेल्या. जीपमध्ये मला बसायला सांगितलं, पण मी मागोमाग गेले. प्रत्येक दारात उभं राहून एकच वाक्य. "देवचाराच्या बांयचें उदक पियां नाकात. हांव चुकलीं." कुणी 'बरं' म्हणालं, कुणी दार लोटलं. एका म्हाताऱ्याला वाटलं, बाईंची बदली झाली म्हणून निरोप घ्यायला आल्या, त्याने त्यांना नारळ दिला. त्या नारळ घेऊन पुढच्या दारात गेल्या.

सत्यभामाकाकी पडवीत बसल्या होत्या. बाईंनी त्यांनाही तेच सांगितलं. काकींनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुवें सांगलें म्हणून आमी थंयचें हाडूंक लागलीं."

"व्हय."

"सकयलें वायट म्हूण तुवेंच सांगलें."

"व्हय. तें आतां तितलें वायट ना. पूण बरेंय ना."

"मगे आमी आतां खंयचें उदक पिवपाचें?"

त्या प्रश्नात राग असता तर बरं झालं असतं. तो नुसता प्रश्न होता. घागरी रिकाम्या होत्या आणि संध्याकाळचा स्वयंपाक व्हायचा होता. शेजारच्या बायका कुंपणापाशी जमल्या होत्या. मला वाटत होतं, बाईंनी काही तरी सांगावं, उकळून प्या म्हणावं, गाळून प्या म्हणावं. पण नायट्रेट उकळून जात नाही, हे तोवर मलासुद्धा माहीत झालं होतं.

"म्हाका खबर ना," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्या कचेरीत परतल्या नाहीत. परबमामांना घेऊन त्या थेट टँकर सोडणाऱ्या अधिकाऱ्याच्या घरी गेल्या आणि त्याच्या पायरीवर बसून राहिल्या. टँकर दुसऱ्या दिवशी दुपारी आला. नात पंधरवड्याने बरी होऊन घरी आली. ते पाण्यामुळेच झालं का, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. बाई तीन वेळा म्हापशाला जाऊन त्यांना विचारून आल्या. "असूही शकतं," एवढंच उत्तर. मला ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं. त्यांना तसं वाटलं नाही.

मग अहवाल. सायबांना एक ओळ हवी होती, पाणी योग्य की अयोग्य. बाईंनी नऊ पानं लिहिली. त्यात माती होती, जांभा होता, रंग होता, आणि शेवटी एक परिच्छेद असा की, दुसऱ्या विहिरीचं पाणी प्यावं असं मीच गावाला सांगितलं होतं, आणि ते चुकीचं ठरलं. मी टाईप करून सायबांकडे नेलं. त्यांनी तो परिच्छेद पेन्सिलीने खोडला. वाईट माणूस नव्हते ते. म्हणाले, "तिच्याच बऱ्यासाठी सांगतों. हें कागदार आयलें जाल्यार तिका फुडें कोण राखतलो?" मला ते पटलं. मी तो परिच्छेद गाळून पान परत टाईप केलं.

बाईंनी सहीला घेतलं तेव्हा शेवटचं पान दोनदा वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. पेन उघडलं आणि सहीच्या वर उरलेल्या जागेत तो परिच्छेद हाताने लिहून काढला, बारीक अक्षरात, शब्दन् शब्द. मग सही केली. मी तिथे समोर उभी होते. त्या म्हणाल्या, "सुनिते, शाई वाळू दे मगच घडी घाल."

त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गुळाचा खडा नेहमीसारखा अर्धा तोडून दिला. मी तो खाल्ला की नाही ते आठवत नाही.

पाणी फिरलं कसं, याचा एक तर्क त्यांनी मला नंतर सांगितला. देवचाराच्या बांयच्या पलीकडे एक खाण होती. त्या वर्षी तिथला खड्डा आणखी खोल नेला होता आणि त्यात साठणारं पाणी पंपांनी रात्रंदिवस बाहेर काढत होते. तिकडून ओढ बसली आणि सड्याखालचं सगळं पाणी त्या अंगाला वळलं, असं असेल. "असेल," त्या म्हणाल्या. "पंप केव्हा सुरू केले आणि किती पाणी काढतात ते कळलं तर सांगता येईल." त्यासाठी त्यांनी खाणीच्या ऑफिसला दोन पत्रं लिहिली, मीच टाईप केली. उत्तर आलं नाही. त्या फाटकावर गेल्या तर राखणदाराने आत सोडलं नाही. खुद्द त्यांच्या मनातही घोळ होता. कधी म्हणायच्या, खाणच. कधी म्हणायच्या, नव्हे, मी उन्हाळ्यातच तपासलं, पावसानंतर तपासायला हवं होतं, चूक माझीच. मला दोन्ही खरं वाटायचं. त्याच वर्षी त्यांची वाळपईला बदली झाली. त्या हाताने लिहिलेल्या ओळींमुळे झाली की बदलीची वेळच झाली होती, हेही कुणाला सांगता आलं नाही. गावाला टँकर येत राहिला, काही वर्षांनी नळ आला.

त्या वाळपईला गेल्यावर साधारण वर्षाने मी एका रविवारी मावशीकडून बसने परत येत होते. रस्ता त्या खाणीच्या कुंपणाला लागून जातो. कुंपणातून एक चर बाहेर येतो आणि रस्त्याकडेने वाहत जातो, खाणीतलं तांबडं पाणी. पुढे ओऱ्याची, म्हणजे खनिजाची, लॉरी बंद पडली होती म्हणून आमची बस थांबली. मी बाहेर बघितलं तर चराच्या काठाने कुमुदबाई चालत होत्या. वाळपईहून दोन बस बदलून आल्या असणार. डोक्यावर पदर, ऊन कडक. त्या वाकल्या, आणि एक सुकं पान पाण्यात टाकलं. पान वाहू लागलं. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, ओठांत काही मोजत, त्या पानाच्या बरोबरीने चालू लागल्या. काठाला रोवलेल्या एका काठीपाशी पोचल्यावर थांबल्या, वहीत लिहिलं, परत मागे गेल्या आणि दुसरं पान टाकलं. चरातून किती पाणी जातं ते त्या पावलांनी आणि घड्याळाने मोजत होत्या, हे माझ्या लक्षात यायला दोन पानं जावी लागली.

मी सीटवरून अर्धवट उठले. कंडक्टरला वाटलं मला उतरायचंय, तो म्हणाला, "बाये, देंवपाचें आसा?"

माझ्या हातात मावशीने दिलेल्या फणसाच्या साठांची पिशवी होती. बाईंकडे पोचायला पन्नास पावलं. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती.

"ना," मी म्हटलं.

लॉरी हलली, बस सुटली. मागच्या काचेतून त्या दिसत राहिल्या. एक पान मध्येच दगडाला अडकलं होतं. त्यांनी साडी वर धरली, बुटांसकट त्या तांबड्या पाण्यात उतरल्या, पान सोडवलं, आणि सुरुवातीपासून परत मोजायला मागे वळल्या.